हरकती आणि सूचना

मळ्यातल्या जुन्या शाळेत टेबल मांडलंय.
टेबलावर नकाशा, नकाशावर चार दगड,
वाऱ्याने शहर उडून जाऊ नये म्हणून.
मुदत तीस दिवस, आज एकोणतिसावा.
माझ्या वहीत रकाने पाच:
नाव, पत्ता, मिळकत क्रमांक, हरकत, सही.

पहिल्या आठवड्यात आल्या त्या टाइप केलेल्या,
दोनापावलच्या उंच गॅलऱ्यांतून, वकिलांच्या शिक्क्यांनिशी:
आम्हाला समुद्र दिसतो,
तो असाच दिसत राहावा.
पाचही रकाने भरलेले. मला फक्त चिकटवायचं काम.

मग पेर्पेतीन आली, डोक्यावरची चुंबळ न काढता.
तिच्या बसायच्या जागी नकाशात एक हिरवी सायकल आहे,
फार गोड काढली आहे कोणीतरी,
पुढे टोपलीसुद्धा.
ती वाकून बघत राहिली.
"ह्या पांटल्यांत म्हजे बांगडे मावचेनात, बाय."
मिळकत क्रमांक विचारला तर हसली.
मी तिथे लिहिलं: सदतीस वर्षं.

आगुस्तीन शिंपी दारापर्यंतच आला.
शाळेला तीन पायऱ्या.
सर्वांना खुली सुनावणी, असं वर फलकावर,
आणि तो खाली, चाकांच्या खुर्चीत, उन्हात.
मी वही घेऊन उतरले.
त्याने गळ्यातली टेप काढली, आकडे सांगितले
जसे पँटचे सांगतो:
खुर्ची सव्वीस इंच.
नव्या फुटपाथच्या उताराच्या तोंडाशी दिव्याचा खांब,
उरलेली वाट बावीस.
"खांब सुंदर आहे," म्हणाला. "तेवढं लिहा."

बाबुसो मानशीवरचा.
भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
बापाचं काम, आजाचं काम, आता कोणाचंच नाही.
निळ्या रंगावर बोट ठेवून म्हणाला,
पाणी दिवसाला दोनदा येतं, विचारून जातं.
तुमच्या कागदावर ते एकदाच आलंय.

यल्लव्वा हरकत घ्यायला आलीच नव्हती.
बाटली भरायला आली, शाळेच्या नळावर,
कोपरापर्यंत चिखल, दुपारची सुट्टी.
जाता जाता विचारलं, खाडीकडचा रस्ता यात कुठला?
मी दाखवला.
त्या रेघेवर तिने अंगठा ठेवला,
हळूहळू वर नेला
आणि थांबली.
"ढाळ उलटा आहे, मॅडम.
पाइप चढतोय. मी खणलाय, मला कळतं.
मुकादम म्हणाला, तू खण."

नाव लिहिलं. पत्ता?
"पत्र्याची शेड."
कुठली?
"काम संपेपर्यंतची."

सहीचं मी विचारलं नाही.
अंगठा नकाशावर उमटलाच होता,
ओला, तांबडा,
पाणी जिथून मागे फिरणार बरोबर तिथे.

पाचला साहेबांची जीप.
किती झाल्या? एक्केचाळीस.
सारांश द्या, एका पानात,
आणि हा डाग पुसून घ्या, उद्या मंत्री बघतील.

फडकं हातात घेऊन मी बसून राहिले.
मीही याच मळ्यात वाढले, सखल भागात;
आई तांदळाचा डबा कायम पलंगावर ठेवायची,
आम्हाला वाटायचं सगळ्यांच्याच घरी ठेवतात.

मग फडकं ओलं केलं
आणि टेबलाची कड पुसली.
पानाच्या सुरुवातीला लिहिलं:
हरकत क्रमांक एक, यल्लव्वा,
राहणार काम संपेपर्यंत,
मिळकत: खणलेलं सगळं.
दोनापावल खाली सरकलं, पार शेवटी,
समुद्र तसाही तिथून दिसतो.

कुलूप लावताना आवाज आला, गुडगुड,
गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं,
आभाळ कोरडं, फक्त भरतीची वेळ.
अंगण ओलांडून पहिल्या पायरीला टेकलं
कोणाचाही मिळकत क्रमांक न विचारता.

शिपायाला सांगून ठेवलंय:
उद्या टेबल पायऱ्यांच्या खाली मांड,
आगुस्तीन परत येणार आहे.
तो पाण्याकडे बघत म्हणाला, खाली?
मी म्हटलं, हो, खाली.
ओसरलं तर.